थंड खोलीतली दहा मिनिटं

काल फ्रीजरमधून मटार काढताना तो कोरडा, बर्फाळ वास नाकात शिरला आणि सांवेर रोडवरची आईस्क्रीमची फॅक्टरी आठवली. मी तिथे नवीनच लागले होते. माल तपासायला सीनियर सुमनताईंबरोबर थंड खोलीत गेले आणि मागे दार अडकलं. आतून मूठ फिरेना.

"घाबरू नको बेटा," ताई म्हणाल्या. "गार्डभियाला सांगून आलेय, दहा मिनिटांत नाही निघालो तर दार खोल म्हणून."

आत जाताना दर वेळी त्या असं सांगून यायच्या आणि आम्ही मुली हसायचो. आता मात्र माझ्या पापण्या गोठत होत्या, श्वास पुरेना. ताई माझे हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिल्या.

शेवटी गार्डने दार उघडलं. बाहेर उन्हात बसल्यावर मी विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

"एकदा कोणाला न सांगता गेले होते. घंटाभर आत होते."

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेलेच नाही. ताई मात्र रिटायर होईपर्यंत त्या खोलीत जात राहिल्या. तेव्हा मला त्या फार धीट वाटल्या. आज त्यांच्या वयाची झाल्यावर कळतं, नोकरी सोडायची सोय आम्हा दोघींपैकी फक्त मला होती.