कर्ता गाळून लिहिलेली नोटीस

पॅसिव्ह व्हॉइसचा मला मनापासून तिटकारा आहे, आणि धायरीत माझ्या क्लासला येणाऱ्या दहावीच्या मुलांना मी तोच वर्षानुवर्षं शिकवते. कर्म पुढे आणा, क्रियापदाचं तिसरं रूप लावा. आणि 'बाय' लावून शेवटी येणारा कर्ता? तो गाळला तरी मार्क जात नाहीत. हे सांगताना मुलांसारखाच मलाही आनंद व्हायचा.

आमच्या सोसायटीत नोटीस इंग्रजीतच लागते. मराठी नोटीस म्हणे कोणी मनावर घेत नाही. ती लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

गेल्या हिवाळ्यात सेक्रेटरींनी वॉचमनला इमारतीमागचा पालापाचोळा पेटवायला सांगितला. वारं सुटलंय, आज नको, असं तो दोनदा म्हणाला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, सगळं ऐकलं. तासाभरात दोन स्कूटर जळाल्या.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. कोणाचं नाव नको, उगाच कटुता येते, म्हणाले. मी मुकाट्यानं लिहून दिलं: कचरा जाळला गेला, निष्काळजीपणा आढळून आला, वॉचमनची सेवा समाप्त करण्यात आली आहे. नाव कोणाचंच नव्हतं; हुद्दा तेवढा एकाचाच होता. इंग्रजीत हे सगळं किळस येईल इतकं सभ्य दिसत होतं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. सेक्रेटरी माझ्या अक्षराचं कौतुक करत फुरफुर चहा प्यायले, आणि मी त्यांना आणखी अर्धा कप ओतला. त्या अर्ध्या कपाची शिसारी अजून जात नाही.

सकाळी वॉचमन दारात उभा. यवतमाळकडचा माणूस, बायको आणि दोन मुलांसह पार्किंगमधल्या खोलीत राहायचा. नोकरी गेली की खोलीही जाणार. नोटिशीत काय आहे, ते त्याला मराठीत हवं होतं. मी वाचून दाखवलं. तेही तसंच निघालं, 'कामावरून काढण्यात आले आहे.'

"कोनं काढलं?" त्यानं विचारलं.

मी दाराची कडी चाचपत राहिले.

"तुमी तं गॅलरीत होत्या ना, मॅडम. आयकलं ना तुमी?"

"आता नोटीस लागली आहे," मी म्हणाले.



"म्हंजे तुमीच काढलं," तो म्हणाला, आणि खोली रिकामी करायला जिना उतरला.