लूर्डसबाई आणि तिसरीचा वर्ग

माझी आई लूर्डस तुस्कानो. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत तिनं एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली सव्वीस आमच्याच गावात, आणि सव्वीसही वर्षं पहिली-दुसरीला शिकवण्यात गेली. गाव वसईतल्या नंदाखालला लागून आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे ज्या गुरुजींबद्दल बोलायचं आहे त्यांची मुलं-सुना अजून इथेच राहतात आणि रविवारी चर्चमध्ये मिस्साला आमच्या पुढच्याच बाकावर बसतात. उगाच कशाला?

शाळा म्हणजे कौलारू चार खोल्या, पुढे सावलीचं मोठं भेंडीचं झाड, मागे केळीची वाडी. आमच्या घरापासून चालत तीन मिनिटं. घरात आम्ही तिला आय म्हणायचो, गाव बाई म्हणायचं. अख्खी आळी तिच्या हाताखालून गेली. शेजारचा जेन्सन गेला, माझी चुलत बहीण ॲनी गेली, दूध घालणाऱ्याची तिन्ही पोरं गेली. एकटा मी, तिच्या पोटचा कॅल्विन, तेवढा गेलो नाही. मला सकाळी सात वाजता टाय बांधून रिक्षात कोंबलं जायचं आणि त्या रिक्षातून आम्ही आठ पोरं वसईच्या इंग्रजी शाळेत जायचो. रिक्षा शाळेवरूनच पुढे जायची.

दुपारी दीडला मी परत यायचो. आयची शाळा पाचला सुटायची. मग मी दप्तर ओट्यावर टाकून कुंपणाशी जाऊन उभा राहायचो. आत माझी आई दुसऱ्यांच्या पोरांना मांडीवर घेऊन बसलेली. कुणाचं नाक पूस, कुणाची वेणी घाल, कुणाच्या हातात हात धरून 'ग' काढ. मधल्या सुट्टीत जेन्सन चिंचेचे आकडे चोखत यायचा आणि आज बाईंनी काय गंमत केली ते मला सांगायचा. माझ्याच आईची गंमत, मलाच! त्याचं डोकं फोडावंसं वाटायचं. आत जायला लागलो तर आय दारातूनच सांगायची, तुझी शाळा सुटली ना, घरी जा, भात झाकून ठेवलाय.

शिकवायची मात्र फार सुंदर. आमच्या घरांतली बोली वेगळी. पुस्तकातली मराठी पोरांना परकीच वाटायची. बाकीचे मास्तर 'नीट बोल' म्हणून टपली मारायचे, पोर तोंड मिटून घ्यायचं ते कायमचं. आय दिवाळीपर्यंत घरच्याच बोलीत शिकवायची. माडाला घरी काय म्हणतात, पुस्तकात काय म्हणतात, दोन्ही शब्द शेजारी शेजारी. नाताळ उलटला की हळूहळू पुस्तकाकडे सरकायची, आणि मार्च येईपर्यंत पोरं धडाधड वाचत असायची. कधी बदललं ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. मी कुंपणापलीकडून ऐकून ऐकून 'बालभारती'चा अर्धा धडा पाठ केला होता. त्या दुपारी मला अजून आठवतात. खडूचा वास, वाडीत सोडलेल्या पाण्याचा आवाज, आणि आयचा तो मोठा, खणखणीत आवाज, जो घरी कधीच निघायचा नाही.

मी त्याचा अर्थ लावून टाकला होता. बाईंना दुसऱ्यांच्या पोरांसाठी मराठी शाळा चांगली, स्वतःच्या पोराला इंग्रजी. ढोंग, दुसरं काय? अडतीस वर्षांचा घोडा झालो तरी हा राग मी सोडला नव्हता. तोंडावर कधी बोललो नाही एवढंच.

यंदा आम्ही मीरा रोडचा भाड्याचा फ्लॅट सोडून गावी राहायला यायचं ठरवलं. बाबा, म्हणजे फर्डिनंड, जाऊन दोन वर्षं झाली होती. आय एकटी, आणि मला आठवड्यात दोनच दिवस ऑफिसला जावं लागतं. सगळं जमत होतं, अडलं ते एलिसाच्या शाळेवर. आमची एलिसा सहा वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाणार. बायको ब्रिटनीनं आधीच तीन इंग्रजी शाळांचे फॉर्म आणून ठेवले होते. मी जाहीर केलं, पोरगी गावच्या शाळेत जाणार. आजीच्या शाळेत, चालत, भेंडीखालून.

ब्रिटनी काही आडमुठी नाही. तिचे प्रश्न सरळ होते. संडास स्वच्छ आहे का? इंग्रजी कोण शिकवतं? आणि मुख्य म्हणजे आपल्या आळीतलं एक तरी मूल तिथे जातं का? नाही जात, हे मलाही माहीत होतं. आळीतली सगळी पोरं आता रिक्षाऐवजी पिवळ्या बसमधून जातात. पहिली-दुसरीचा पट तेवीस. जव्हार-मोखाड्याहून वाड्यांमध्ये कामाला आलेल्यांची मुलं आणि दोन-चार भाडेकरूंची. गावातली माणसं आता त्या शाळेला आपली म्हणतच नाहीत. मी ब्रिटनीला म्हटलं, तू बघितलेली नाहीस आमची शाळा. ती म्हणाली, तू तरी आत कधी गेलास?

मला वाटलं, आय माझी बाजू घेईल. जिनं सव्वीस वर्षं तिथे घालवली ती नाही म्हणणार आहे का? आय मासे साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली,

"माझी आठवण म्हणून पोरगी देऊ नको शाळेला. आधी शाळा बघ."

मी चिडलो. म्हटलं, चल मग, तूच दाखव. निवृत्त झाल्यापासून आठ वर्षांत ती त्या फाटकाच्या आत गेली नव्हती. नव्या माणसांच्या कामात जुन्यांनी लुडबुड करू नये, असं तिचं म्हणणं. पण त्या दिवशी तिनं हात धुतले आणि म्हणाली, मंगळवारी जाऊ, न सांगता.

मार्चचा दुसरा मंगळवार. आयनं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली, पर्स काखेत मारली, घड्याळ बांधलं. पहिली-दुसरीच्या विनयाबाई संगमेश्वरकडच्या, वय असेल पस्तीस. त्यांनी फाटकातून येणाऱ्या या बाईंना पाहिलं आणि तपासणीला कुणी मॅडम आल्या असं समजून धावत हजेरीपट आणून हातात दिला. आणि आमच्या आयनं काय करावं? तो घेतला की! चष्मा लावला, बोटानं ओळी मोजल्या, मान वर करून पोरं मोजली. पटावर तेवीस, हजेरी मांडलेली एकोणीस, समोर बसलेली पोरंही एकोणीस. बरोबर आहे, म्हणाली, आणि खाली सही करायला पेन शोधायला लागली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. इतकी लाजली की मीच हसायला लागलो. मग तिनं सांगितलं की आपण कुणी साहेब नाही, नातीसाठी शाळा बघायला आलेली आजी आहोत. विनयाबाईंचा जीव भांड्यात पडला.

मी भिंतीवरची चित्रं बघत होतो, टीव्हीचा मोठा पडदा बघत होतो, मनात ब्रिटनीला उत्तरं देत होतो. आयनं त्यातलं काहीच बघितलं नाही. ती सरळ मागच्या रांगेत गेली आणि कोपऱ्यातल्या मुलीसमोर पुस्तक धरलं. मुलगी दुसरीतली. वाचायला लागली, 'रस्ता' शब्दापाशी अडली. परत सुरुवात केली, परत तिथेच अडली. मला विनयाबाईंची दया आली. पुढच्या बाकावर पाच पोरं वाचायला हात वर करून बसली होती, पण विनयाबाई त्यांच्याकडे वळल्याच नाहीत. शांतपणे म्हणाल्या, जोडाक्षरं तिला अजून जड जातात, दिवाळीत तर साधे शब्दही येत नव्हते. कपाटातून एक वही काढून दाखवली. प्रत्येक पोराचं पान, कुठे अडतं, कधी सुटलं. मुलांच्या वारली बोलीतले शब्द एका बाजूला, पुस्तकातले दुसऱ्या. ते पान आयनं दोनदा वाचलं. मग विचारलं, ही मुलगी कुणाची?

"माझीच," विनयाबाई म्हणाल्या. "ज्ञानदा."

आयनं वही मिटून परत दिली आणि बाहेर आली.

रस्त्यात मी खुशीत होतो. काय मग, शाळा पास ना? असं दोनदा विचारलं. घरी आल्यावर ओट्यावर बसली, चपलाही काढल्या नाहीत. ब्रिटनी पाणी घेऊन आली ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली. मला राहवलं नाही. इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं. म्हटलं, ती विनयाबाई बघ, स्वतःची दुसरीतली ज्ञानदा स्वतःच्या शाळेत ठेवते, तीही मागच्या रांगेत. आणि तू मला रिक्षात घातलंस.

आय म्हणाली, तुला वाटतं मला मराठी शाळेची लाज होती. नव्हती. माझ्या वर्गात तुला दोन वर्षं आनंदानं घेतलं असतं. पण दुसरीनंतर तिसरी येते.

तिसरी-चौथी सुरुवातीला म्हटलं त्या गुरुजींकडे होती. माणूस गोड बोलणारा, चर्चच्या प्रत्येक कामात पुढे. पण तेव्हा विरारकडे बिल्डिंगी उठायला लागल्या होत्या. गुरुजी मस्टरवर सही करायचे, फळ्यावर शुद्धलेखनाच्या दहा ओळी लिहायचे आणि अकराच्या सुमाराला स्कूटर काढून गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवायला जायचे. वर्गात चौथीतला एखादा दांडगा पट्टी घेऊन उभा. दोन वर्षं पोरं त्याच दहा ओळी उतरवत बसायची. आय शेजारच्याच खोलीत होती. तिला सगळं ऐकू यायचं. दुसरीत धडाधड वाचणारी पोरं चौथी संपेपर्यंत विसरून गेलेली तिनं आपल्या डोळ्यांनी बघितली.

"तुला मी त्या खोलीत पाठवणार नव्हते," ती म्हणाली. "जेन्सनला पाठवलं. ॲनीला पाठवलं. जेन्सन तुझ्यापेक्षा हुशार होता रे गणितात. दर जूनला मी तीस पोरांचे हात धरून शेजारच्या खोलीत नेऊन बसवायची, आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन पोरं घ्यायची."

जेन्सन सातवीतच शाळा सोडून वाडीत लागला, हे मला माहीत होतं. का सोडली, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, त्याला माझी आई मिळाली आणि मला नाही. तरी राग गेला नव्हता. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? वर तक्रार का नाही केलीस?

"करणार होते. अर्ज लिहिला होता, चांगला दोन पानी. तालुक्याला नेऊन द्यायचा होता." ती पायातल्या चपलांकडे बघायला लागली. "मग तुझं वसईला नाव लागलं. तू सुटलास. अर्ज द्यायचा राहूनच गेला."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. आईला रडताना मी बाबांच्या अंत्यविधीलाही बघितलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिचा हात धरला, फार वर्षांनी.

ब्रिटनीनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हणाली, एलिसाला एक वर्ष इथे घालू. पण आय, ज्ञानदाही पुढच्या वर्षी तिसरीत जाईल, तिथे कोण येईल आपल्याला माहीत नाही. विनयाबाईंची बदली झाली तर त्यांच्या जागी कोण, तेही माहीत नाही. मला काही खटकलं तर मी गप्प बसणार नाही, आधीच सांगून ठेवते. गावात मिस्साला कुणी तोंड फिरवलं तरी चालेल.

आयनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

"म्हणूनच घाल म्हणते," आय म्हणाली.