दीपमाला जे बोललीच नव्हती

लाखांदूर तालुक्यात दीपमाला रामटेकेला चेहऱ्यानं ओळखणारे कमी आणि आवाजानं ओळखणारे जास्त. बाजारात तोंडाला ओढणी गुंडाळून ती उभी असली, तरी "वांगे कशे दिले?" एवढं विचारताच शेजारची बाई वळून बघायची. "अवो, तुमीच का त्या नाटकवाल्या?"

नाटकवाली म्हणजे नाटकात काम करणारी नव्हे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. त्या नाटकाची जाहिरात करत दीपमाला तुलारामच्या ऑटोतून गावं पालथी घालायची. वर भोंगा, हातात माइक. तिचे वडील डोमा हे गावचे कोतवाल होते, दवंडी द्यायचे; गळा त्यांच्याकडूनच आला, असं आई म्हणायची. लसीकरणाची खबर असो की साड्यांच्या सेलची, माइक दीपमालाच्याच हातात. निवडणुकीत तर सकाळी एका पक्षाचा प्रचार आणि दुपारी त्याच ऑटोवरचा फलक बदलून दुसऱ्याचा. कोणी टोकलंच तर ती म्हणायची, "आवाज भाड्यानं आहे. मत माह्याजवळच आहे."

लोक हसायचे आणि तिचं ऐकायचेही. जे ठरलं तेवढंच ती बोलायची, पदरचं काही घालायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी मंडईच्या पाठोपाठ जिल्हा परिषदेची निवडणूक आली. एका उमेदवाराचा प्रचार भुपेंद्र नावाचा तरुण सांभाळत होता. त्यानं दीपमालाला कारध्याला बोलावलं. माडीवरच्या एका खोलीत भिंतींना गाद्या लावल्या होत्या. त्यानं तिला पेपरातल्या बातम्या वाचायला लावल्या. मग आकडे. मग तेच वाक्य एकदा रागानं, एकदा लाडानं.

"हे कायले, भाऊ?" तिनं विचारलं.

"आवाज तपासून राहिलो, ताई. बाकी काही नाही."

तिलाही मजा वाटली. एवढ्या कौतुकानं तिचं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

नंतर बोडीटोल्याच्या मंडईत भुपेंद्रनंच एक स्टॉल लावला. 'कुकर जिंका.' फोननं चौकटीतलं चित्र स्कॅन करायचं, नाव आणि नंबर टाकायचा, आणि घरातली एक अडचण फोनमध्ये बोलून सांगायची. ज्याची अडचण सर्वांत खरी, त्याला कुकर. माइकवर दीपमालाच होती. "या जी या, अडचण सांगा, कुकर घेऊन जा!" बायकांची रांग पार पाळण्यापर्यंत गेली. ज्यांच्या घरी दोन कुकर होते, त्याही रांगेत होत्या, आणि काही पुरुषही.

मतदानाला थोडे दिवस उरले असताना ती आणि तुलाराम एका नाटकाची जाहिरात करत पुन्हा बोडीटोल्यात शिरले. तळ्याच्या पाळीवरून ऑटो खाली उतरला, तर आनंदाबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या. पांढरे केस, कासोटा घट्ट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन.

"उतर खाली," त्या म्हणाल्या. "माह्या गुडघ्याचं तू फोनात काहून बोलली?"

"म्या? मावशी, मले तं तुमचा गुडघा ठाऊकबी नाही."

आनंदाबाईंनी फोन पुढे केला. नातीनं शिकवल्याप्रमाणे बोट दाबलं. आणि दीपमालाला स्वतःचा आवाज ऐकू आला. अगदी तिचाच, तोच हेल, तोच श्वास. 'नमस्कार आनंदाबाई. गुडघ्याच्या दुखण्यानं तुमचा धानाचा रोवणा यंदा हुकला, हे ऐकून वाईट वाटलं. भाऊसाहेब निवडून आले तर तुमचं ऑपरेशन नक्की करून देतील.'

दीपमाला ऑटोच्या पायरीवर बसली. तोवर माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे आपापला निरोप होता. कोणाला मुलाच्या नोकरीबद्दल, कोणाला विहिरीबद्दल. सर्वांत मोठी पंचाईत नत्थूची झाली होती. पानठेल्यावर उभ्या उभ्या त्यानं आलेला निरोप मोठ्यानं लावला, आणि दीपमालाच्या गोड आवाजात साऱ्या ठेल्यानं ऐकलं की नत्थूभाऊंची बायको माहेरून परत यायला तयार नाही, म्हणून ते रात्री जेवत नाहीत.

"आता पोरं मले जेवले का म्हणून इचारतात," नत्थू म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला होता.

"मी नाही बोलली हे," दीपमाला पुन्हा पुन्हा सांगत होती. "माहा आवाज आहे, पण मी नाही बोलली."

कोण विश्वास ठेवणार? शेवटी आनंदाबाईच म्हणाल्या, "गुडघ्याचं मी लेकीले सांगतलं. आन् त्या कुकरवाल्याच्या फोनात." मग दीपमालाकडे रोखून बघत, "पण तिथं बलावणारी तूच होतीस ना?"

दीपमालानं तुलारामला ऑटो वळवायला सांगितलं.

ती तशीच भुपेंद्रकडे गेली. तो हसला. "ताई, तुमचा नमुना घेतला, बाकीचं कॉम्प्युटरनं केलं. तुम्हाला घसा फोडायची गरजच नाही आता. लोकांनी माहिती स्वतः दिली, तुम्ही आवाज दिला. चोरी कुठं झाली?"

"म्या आवाज बोलाले देल्ला का? तपासाले देल्ला होता."

"एकच आहे ते," भुपेंद्र म्हणाला आणि वाजलेला फोन घ्यायला आत गेला.

त्याच आठवड्यात चंद्रकांता मॅडम तिच्या दारात आल्या. नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायच्या. निवडणुकीत गावच्या माणसाच्या फोनवर काय काय येतं, त्याची खासगी माहिती कुठून कुठं जाते, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. पण बोडीटोल्यात कोणी त्यांच्याशी बोलेना. प्रश्न विचारणारं माणूस दिसलं की बायका दार लावायच्या.

"एक आजी म्हणाल्या, आधी कुकर दाखवा," मॅडम म्हणाल्या. "मला काही कळेना. मग कोणीतरी तुमचं नाव सांगितलं."

दीपमालानं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली आणि रडताना मॅडमना चहाही दिला. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. मग त्यांनी शांतपणे उलगडून सांगितलं. नमुन्यावरून हुबेहूब आवाज तयार करता येतो. स्टॉलवर गोळा केलेली अडचण आणि नंबर त्याला जोडले की प्रत्येकाला वेगळा निरोप जातो. लोकांना तर विचारलंच नाही की तुमची अडचण प्रचाराला वापरू का. आणि न विचारता वापरणं, हीच यातली खोट.

"म्हणजे मले भूत नाही लागलं? गावात तं तेच बोलून राहिले."

"नाही हो!"

"मग हे लोकांले सांगाले पाहिजे." दीपमालानं डोळे पुसले. "भोंग्यावरून."

मॅडम जरा घाबरल्या. "संशोधन करताना मला कोणाचा प्रचार करता येत नाही, कोणाविरुद्ध बोलता येत नाही."

"तुमी नका बोलू. मी बोलतो. आन् मत कोणाले द्या, हे मीबी नाही सांगत."

तुलाराम कुरकुरला. निवडणुकीचा हंगाम, सगळे पक्ष नाराज झाले तर ऑटो उभा राहील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा बांधून तोच दारात हजर. दीपमालानं आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या मनाचं माइकवर बोलायला तोंड उघडलं, आणि गंमत म्हणजे तिला शब्दच सापडेनात. बोडीटोल्याच्या पाळीवर कसेबसे शब्द आले.

"मी दीपमाला रामटेके. तुमच्या फोनात माह्या आवाजात निरोप आला, तो म्या नाही देल्ला. मशीनीनं बनवला. कुकरच्या स्टॉलवर तुमी जे सांगतलं, ते त्यायनं ठेवून घेतलं. तुमाले बलावलं म्या, ठाऊक नसताना, पण म्याच. माफ करा. पुढं कोणी फुकटचं देऊन घरची गोष्ट इचारली, तं आधी त्याले इचारा, ही कुठं जाणार हाय?"

शेवटी भोंगा कर्कश वाजला आणि बंद पडला. नत्थूनं पुढं होऊन वायर जुळवून दिली.

ती आणखी पुष्कळ गावांत गेली. पक्षांनी खरंच तिला कामं देणं बंद केलं. सायबर पोलिसांकडे केलेल्या तक्रारीचा तपास अजून चालूच आहे. भुपेंद्रचा उमेदवार थोड्या मतांनी का होईना, निवडून आला. पण सत्कारासाठी तो बोडीटोल्यात आला, तेव्हा आनंदाबाई हार घेऊन सर्वांच्या पुढे. हार घालून त्यांनी फोन काढला आणि ऑपरेशनचा निरोप सभेला ऐकवला.

"हा तुमचाच ना, भाऊसाहेब?"

नाही म्हणावं तर कोणाचा, आणि हो म्हणावं तर गुडघा. भाऊसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हो म्हटलं. उन्हाळ्यात भंडाऱ्याला ऑपरेशन झालं. पुढच्या रोवण्याला आनंदाबाई बांधावर उभ्या राहून सुनांना ओरडत होत्या.

दीपमाला आता चंद्रकांता मॅडमच्या संशोधनात मुलाखती घेते. पहिल्या मुलाखतीला ती मुद्दाम नत्थूकडे गेली. नाव कुठं येणार नाही, नाही म्हटलं तरी चालतं, असं तिनं आधीच सांगितलं. नत्थूनं सरळ नाही म्हटलं. ती "ठीक आहे, भाऊ" म्हणून उठली. तो तिच्याकडे बघतच राहिला. नाही म्हटल्यावर खरंच कोणी उठून जातं, हे त्याला नवं होतं. दोन-तीन आठवड्यांनी त्यानंच फोन केला. बायको परत आली होती आणि दोघांनाही बोलायचं होतं.

नाटकांची जाहिरात तिनं सोडलेली नाही. फक्त बोडीटोल्यातल्या बायकांना फोन केला की त्या आता आधी परीक्षा घेतात.

"खरी दीपमाला अशील, तं सांग," आनंदाबाई विचारतात, "मागच्या खेपी माह्या घरी काय खाल्लंस?"

"सुक्या झिंग्याची भाजी. मीठ जास्त होतं."

"व्हय, तूच आहेस," आनंदाबाई फणकाऱ्यानं म्हणतात. "बोल."