मुद्दाम मोडलेली भाकरी

मंगळवेढ्याचा संगमेश सोलापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. वर्गातली निम्मी पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत डोकं खाजवत होती. ह्याला तो खोलीच्या शेजारीच सापडला. अक्कम्मामावशी. तिच्या उजव्या हाताची चार बोटं यंत्रमागात गेली होती आणि तेव्हापासून पंधरा वर्षं ती डाव्या हातानं भाकऱ्या थापून, कडक करून विकत होती.

संगमेशनं तिच्यासाठी यंत्र केलं. पायानं बटण दाबलं की परात आपोआप फिरायची. यंत्र चांगलंच होतं, खोटं कशाला बोला. मावशीच्या खांद्याचं दुखणंसुद्धा कमी झालं होतं. एवढ्यावर गडी थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण कॉलेजच्या प्रोजेक्ट स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याला शहाणपण सुचलं. ही बाई साध्या परातीतही गोल गरगरीत भाकरी थापते, मग परीक्षकांना फरक दिसायचा कुठून?

"मावशी, उद्या आदी साध्या परातीत थापा," तो म्हणाला. "पर ती जरा मोडून दावा की."

"मुद्दाम मोडू? अन्न हाय की रं ते."

"एकच. माज्या नंबरासाठी."

मावशीनं मोडली. भरल्या सभागृहात माइकवर संगमेश सांगत होता, 'बघा, यांना साधी भाकरीही जमत नाही', आणि खाली मान घालून ती तुकडे गोळा करत होती. लोक हळहळले. मग यंत्र सुरू झालं, टाळ्या पडल्या, पहिला नंबर आला. संगमेश फोटो काढून घेण्यात गुंतला आणि मावशी एकटीच सिटी बसनं घरी गेली. हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

कुणीतरी तो व्हिडिओ मोबाइलवर फिरवला. आठ दिवसांनी संगमेश मावशीच्या चुलीपाशी बसला असताना गुरुशांतमालकांचा फोन आला. लग्नाच्या जेवणावळींची कामं घेणारा हा माणूस दर लग्नसराईत मावशीकडूनच भाकरी नेई. हात पिठात म्हणून तिनं स्पीकर लावला.

"मावशी, व्हिडिओ बगितला. तुमाला आता होत न्हाय. औंदा दुसरीकडं सांगितलंय, वाईट वाटून घेऊ नका."

"बरं," मावशी म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

"तुमी खरं का न्हाय सांगितलं?" संगमेशनं विचारलं.

"काय सांगू? तू मोडाय लावलीस म्हणून? तुजं बक्षीस काडून घेतील की."

संगमेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिथून उठून तो तडक गुरुशांतमालकांकडं गेला आणि सगळं कबूल केलं.

मालकांनी शांतपणे ऐकलं आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. "मला एकट्याला सांगून काय उपयोग? गावानं बगितलंय. हितं बोल."

संगमेश बोलला. आवाज खाली गेला, दोनदा थांबला, पण बोलला. तो व्हिडिओही फिरला. कॉलेजनं बक्षीस परत मागितलं आणि ते योग्यच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मावशीच्या दारात गेला. आत जायचा धीर होईना. मावशी मोबाइल कानाला लावून त्याचाच व्हिडिओ ऐकत होती. संपल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून लावला, आवाज वाढवला आणि मग त्याच्याकडं बघून म्हणाली,

"स्टेजवर कसं घडाघडा बोलत हुतास. हितं तर ऐकूच येईना की रं."