आमच्यात असं बोलत नाहीत

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, मुलांच्या नाही. माय तर हे न कळताच गेली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर आजही गप्प बसले असते. तेवढी मी मला ओळखते.

लोक म्हणतात, वय झालं की जुना राग निवतो. माझा निवला नाही. आमच्या सरांवर आहे, त्या हसणाऱ्या वर्गावर आहे — आणि त्यांच्यावर संतापायला लागले की दर वेळी तो फिरून माझ्याच अंगावर येतो. कारण त्या दिवशी खोटं बोललं कोण? सर नव्हे. मी.

सुजाता आणि मी बिदरकडच्या औराद तालुक्यातल्या संतपूरच्या. शाळेपासून एका बाकावर. तिच्या घरच्यांनी छप्पन्ननंतर बौद्ध धम्म घेतलेला, त्यांची घरं ओढ्याच्या पलीकडं. आम्ही शेतकरी, अलीकडं. ती रोज मला शाळेला हाक मारायला यायची — पण ओसरीपर्यंतच. माय आतून ओरडायची, "सुजी आलीय बघ, कामून येळ लावायलीस गं?" तिला आत ये असं मात्र माय कधी म्हणाली नाही. मीही नाही. तेव्हा ते खटकलंही नाही. आता खटकतं — पण आता खटकून उपयोग कुणाला?

ऐंशीनंतरच्या वर्षांत आम्ही दोघी मराठी एम.ए. करायला गुलबर्ग्याला गेलो. भाषाशास्त्राची ओळख असा एक पेपर होता. तो शिकवणारे सर महाराष्ट्रातून आलेले, बोलणं इस्त्री केल्यासारखं. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं की कुठलीही बोली अशुद्ध नसते. भाषेत वर-खाली नसतं, तिला वर-खाली करतात ती माणसं. आम्ही भराभर लिहून घेतलं. सुजाताला ते इतकं आवडलं, की वसतिगृहात जेवतानाही तेच बोलत राहिली.

त्याच आठवड्यात मी वर्गात "का"ऐवजी "कामून" म्हणाले आणि मागचे बाक फिदीफिदी हसले. सरही हसले — थोडंसंच. त्या थोड्याशा हसण्यानं मी मोडले. रेडिओवरच्या बाईसारखं बोलायची सवय लावून घेतली. "न्हाई"चं "नाही" केलं, "व्हय"चं "हो". सुजातानं काही बदललं नाही. "सर सांगायलेत की, वर-खाली नसतंय म्हणून," ती म्हणायची. तिनं सरांच्या शिकवण्यावर विश्वास ठेवला. मी मागच्या बाकांच्या हसण्यावर.

सर आमच्या सीमाभागाच्या बोलीचा अभ्यास करत होते. "जायलाय", "करायलीस" ही रूपं फक्त दलित वस्त्यांतच सापडतात, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. एके दिवशी त्यांनी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि आम्हा दोघींना पुढं बोलावलं. गाव एक, समाज दोन — त्यांना अशीच जोडी हवी होती. सुजाता तिच्या भाषेत बोलली, अगदी मोकळेपणी. मग सरांनी मला विचारलं, "तुमच्या घरीही असंच बोलतात?"

काय अडलं होतं हो म्हणायला? पण मागचे बाक कान देऊन होते. मी म्हणाले, "नाही सर. आमच्यात असं बोलत नाहीत. हे त्यांच्या वस्तीतलं आहे."

त्यांच्या वस्तीतलं! माझ्या तोंडून, स्वच्छ उच्चारात, हे टेपवर गेलं.

सुजाता माझ्याकडं बघतच राहिली. मग सरांना म्हणाली, "सर, ही खोटं बोलायलीय. हिची मायबी असंच बोलती."

आणि सरांनी काय केलं? खरं-खोटं विचारलं? छे! ते खूश झाले. खडू घेऊन फळ्यावर लिहिलं — "बोलायलीय". "बघा, किती सहज येतं हे रूप," म्हणाले. वर्ग खदखदून हसला. एक मुलगी भरवर्गात सांगतेय की इथं खोटं चाललंय, आणि हा शिकलेला माणूस तिच्या वाक्यातलं क्रियापद तपासतोय! आणि मी? मी फळ्याकडं बघत उभी. तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात होतं — मी गिळलं.

वसतिगृहावर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "लाज कुणाची वाटली तुला? मायची, का माझी?" मी वही उघडून बसले. दोघींचीही वाटली होती. तिनं खोली बदलून घेतली. त्या तासाला यायचं सोडलं. परीक्षा दिली, पासही झाली. पण बोलीवर पुढं काम करायचं म्हणत होती, ते तिथंच संपलं.

सरांनी आपला निष्कर्ष चर्चासत्रात मांडला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पदवीदानाला माय आली. मी तिला सरांच्या नजरेआड ठेवत होते, पण सरच पुढं आले. माय पदर सावरून म्हणाली, "लेक शिकली, लई बरं वाटायलंय बगा. तुमी कामून आमच्या गावाकडं येत न्हाईत?" सरांनी ऐकलं. माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं — मला दिसलं ते. आणि हसून म्हणाले, "येऊ कधीतरी." बस्स, एवढंच! जमलेली मांडणी मोडायची कुणी? पुढच्या वर्षीही त्यांनी नव्या वर्गाला सांगितलंच असेल, भाषेत वर-खाली नसतं म्हणून.

मायनं विचारलं, "सुजी दिसना की?" मी म्हणाले, ती आली नाही. ती आली होती. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती.

सरांवर मी एवढी चिडते — मग मी काय केलं? मराठीची प्राध्यापक झाले. वर्गात कुणी "करायलोय" म्हणालं की लगेच दुरुस्त करायचे. अगदी प्रेमानं.

काही वर्षांनी सुजाता बिदरच्या बसस्थानकावर दिसली. शाळेत शिकवते असं ऐकून होते. सोबत तिची लहान लेक. मी टक लावून बघतेय हे त्या पोरीच्या लक्षात आलं. "आई, ती बाई कोण हाय?"

मी जवळच होते. सुजातानं डोळे न चुकवता माझ्याकडं पाहिलं आणि लेकीला म्हणाली, "आमच्या गावची हाय. वळखीची न्हाई."

मी पुढं झाले नाही. तिला हाक मारली नाही. माझी बस लागली होती. मी जाऊन बसले.