हात लावू नये

पुराच्या वेळी लागेल म्हणून बोट घ्यायची ठरली, पण कसली घ्यायची, यावरून कर्वेनगरच्या नदीकाठच्या त्या सोसायटीत सभांवर सभा झाल्या. हिंजवडीला नोकरी करणारी पोरं म्हणत होती, हवा भरायची रबरी घ्या, घडी घालून ठेवता येते. पण चेअरमन दिगंबर खाडिलकर कसले ऐकतात! "पंक्चर कोण काढणार? तुमचे तीर्थरूप?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली आणि अ‍ॅल्युमिनियमची बोट आणली. हलकी, गंजायची भीती नाही, आणि तिच्यावर अक्षरं कोरता येतात. ही शेवटची गोष्ट मात्र ते सभेत बोलले नव्हते.

"फक्त सभासदांसाठी. इतरांनी हात लावू नये." या पत्र्यावर रंग टिकत नाही, म्हणून मशीननं कोरून घेतलं. बोट मागच्या भिंतीशी बांधली. भिंतीपलीकडे वस्ती. तिथं राहणाऱ्या आणि सोसायटीचे जिने झाडणाऱ्या यमुनाबाईंना त्यांनी मुद्दाम बोलावलं.

"वाचता येतं ना? मग वाचा मोठ्यानं."

यमुनाबाईंनी अडखळत वाचलं. खाडिलकर खूश.

पुढच्या वर्षी धरणातून पाणी सोडलं आणि सकाळी नदी आवारात शिरली. सभासद वरच्या मजल्यांवर कोरडे ठणठणीत. खाडिलकर गॅलरीत येऊन बायकोला म्हणाले, "अगं बघ, काय झकास तरंगतेय!" आणि मग त्यांना दिसलं. बोटीशेजारी छातीभर पाण्यात यमुनाबाई उभ्या होत्या. पाठीवर म्हातारी सासू, एक हात दिव्याच्या खांबाला. बोट हाताशी होती.

वॉचमनला घेऊन, दोर धरत धरत खाडिलकर तिथवर पोचले.

"अहो, बसायचं नाही का हिच्यात! कधीच्या उभ्या आहात?"

"हात लावायचा नाही, असं लिवलंय ना काका."

खाडिलकरांच्या पुणेरी कानांनी त्यात टोमणा शोधला. नव्हता. असता तर दोन शब्द परत तरी केले असते! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. म्हातारीला आत बसवताना त्यांना वर बघवेना.

पाणी ओसरल्यावर त्यांनी स्वतः बसून अक्षरांवर रंग दिला. आठवड्यात पोपडे सुटले. घासून पाहिलं, तर अक्षरं आणखीच चकाकली.

"यमुनाबाई, जरा बोटही पुसता का?" एकदा त्यांनी जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं.

यमुनाबाईंनी फडकं पिळलं, बोटीजवळ आल्या आणि थांबल्या.

"पुसते की. पण काका, तुम्ही इथंच उभे राहा हां. कुणी बघितलं म्हणजे?"