तळ नसलेले बूट

उरणपासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर स्वतःला कमी लेखण्याची शर्यत लावली, तर आमचे मुकादम पहिले येतील याबद्दल मला शंका नाही. फक्त बक्षीस घ्यायला ते जाणार नाहीत. दुसऱ्या नंबरच्याला पुढे ढकलतील आणि वर त्याचीच माफी मागतील, की उगाच तुमच्या आड आलो. न्हावा शेव्याच्या बाजूला रिकामे कंटेनर धुण्याचं एक यार्ड आहे, तिथे ते मुकादम. मी जालन्याकडचा, सातवीत शाळा सोडलेला, बायको-मुलीला गावी ठेवून आलेला. आज नाही तर उद्या आपल्याला इथून हाकलणार, ही भीती सहा वर्षं माझ्या पोटात आहे. त्यांच्यासमोर तेवढी ती गप्प बसायची. मी आलो तेव्हा गळ्यातला क्रूस बघून ते म्हणाले, "आपल्यातलाच हायस की!" आणि थेट घरी घेऊन गेले. एकटाच माणूस, खाटही एकच. तीन महिने मी खाटेवर आणि ते जमिनीवर. मी खाली झोपतो म्हटलं तर म्हणायचे, "नको बाबा, मना खाटंवरून पडायची भीती वाटते."

चर्चमध्ये त्यांची जागा शेवटच्या बाकावर. त्यांच्याही मागे कुणी येऊन उभं राहिलं, तर ते उठून बाहेर पायरीवर जायचे. लग्नात सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. एकदा त्यांच्याच जातकुळीचा दुसरा एक म्हातारा भेटला. "तुम्ही घ्या," "न्हाय, आधी तुम्ही," करत दोघे रिकाम्या ताटल्या धरून इतका वेळ उभे राहिले, की आचाऱ्याने पातेली घासायला नेली. एकदा ट्रेलर मागे घेताना ड्रायव्हरने यांच्या जेवणाच्या डब्याचा चुराडा केला. मुकादम धावत गेले आणि त्यालाच म्हणाले, "माफ कर रं, माझा डबा मधे आला." यार्डात कुणाला ओरडणं त्यांना जमलंच नाही. धुतलेल्या कंटेनरमध्ये आधीच्या मालाचा वास राहिला तर पुढचा माल खराब होतो, म्हणून आत शिरून, दार लावून वास घ्यावा लागतो. त्यांचं नाक असं, की मिरची, चामडं, सुकी मासळी, काही सुटायचं नाही. "जालनेकर, ह्यात अजून कांदा हाय," एवढंच म्हणायचे आणि पाइप घेऊन स्वतः धुवायला लागायचे. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही उपवासकाळ पाळतो. कुणी मटण सोडतं, कुणी दारू. मुकादम अनवाणी चालायचे. पण आपण सोसलेलं कुणाला दिसता कामा नये, असं फादर एका प्रवचनात म्हणाले होते आणि यांनी ते फारच मनाला लावून घेतलं. शिवाय यार्डात बुटांशिवाय फिरायची बंदी. म्हणून त्यांनी बुटांचे तळवेच कापून काढले. वरून बघाल तर बूट, खाली उघडा पाय. आपलं गुपित कुणाला कळलेलं नाही अशी त्यांची पक्की समजूत. आणि ओल्या फरशीवर बूट घातलेल्या या माणसाच्या मागोमाग पाच-पाच बोटांचे ठसे उमटत जायचे. सगळं यार्ड ते बघायचं, आणि कुणी हसायचं नाही.

त्यांना साखरेचा जुना आजार. यंदा कसली तरी तार पायात गेली असावी. ठशांमध्ये लाल डाग दिसला तेव्हा मी म्हटलं, "काका, पायाला लागलंय."

"कुठं रं? दुखत न्हाय."

"दाखवा तरी."

"दुखत न्हाय म्हणतो ना. देवानं हलकं केलंय. तू तुझा कंटेनर धू."

पुढच्या आठवड्यात एका कंटेनरमध्ये आम्ही दोघं दार लावून उभे होतो. ते म्हणाले, "जालनेकर, ह्यात कायतरी कुजलंय. परत धू." मी धुतला. पुन्हा आत गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दार लागलं तेव्हा वास कुठून येतोय ते मला कळलं. मी पुन्हा पाइप उचलला. मी कोण त्यांना सांगणारा? परगावचा, अर्धवट शिकलेला, त्यांच्या खाटेवर झोपलेला. मोठ्या माणसाला उलटून बोललो नाही याचं मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं.

येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर बाराजणांचे पाय धुतात. ते बाराजण घरूनच पाय इतके घासून येतात, की फादरांना धुवायला काही उरत नाही. मुकादमांना दरवर्षी बोलावणं असायचं, आणि दरवर्षी "मी लायक न्हाय" म्हणून ते घमेलं-टॉवेल धरायचे. यंदा बारावा म्हणून एक ड्रायव्हर होता, तो बंदराच्या गेटवर अडकला. फादर म्हणाले, "मुकादम, बसा."

"फादर, मी लायक न्हाय."

"इथं लायक कोण आहे? बसा, लोक खोळंबलेत."

मी त्यांच्या हातातलं घमेलं घेतलं. ते बसले आणि त्यांनी डावा पाय पुढे केला.

"उजवा द्या."

"डावाच धुवा, फादर. तो जास्त मळलाय."

लोक हसले. फादरही हसत खाली वाकले आणि उजव्या पायाचा बूट त्यांनी स्वतःच ओढून काढला. पायाला गुंडाळलेली चिंधी सुटली. दोन बोटं काळी पडली होती. हसणं थांबलं.  फादरांनी पाणी घातलं, पाय टिपला, आणि आधीच्या अकरांच्या पायांवर ओठ टेकले तसेच याही पायावर टेकले. मुकादम रडत होते. मला वाटलं, आता दुखायला लागलं असेल. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सगळ्यांनी बूट बघितला रं. माझे चाळीस दिवस फुकट गेले."

दुसऱ्या दिवशी पनवेलला पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आणायचं होतं. पंधरा दिवस आधी मी त्यांच्यासोबत त्या कंटेनरमध्ये उभा होतो.

मी दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की त्यांच्या घरी जातो. प्रार्थनेत मन लागत नाही, म्हणून असेल. सुरुवातीला ते मला कशाला हात लावू देत नसत. जमिनीवरून सरकत माठापर्यंत जायचे आणि पहिला पेला मलाच द्यायचे. मागच्या रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, मला वास आला होता. मी बोललो नाही."

 ते म्हणाले, "मना पण आला व्हता."

"मग सांगितलं का नाही?"

"म्हटलं, माझ्यापायी कुणाला कशाला तरास."

 मला खूप राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "जालनेकर, मना जरा उचल. उन्हात बसव."

सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिल्यांदा. असं काही मागतील तर आपण किती खूश होऊ, असं मला नेहमी वाटायचं. मी त्यांना उचललं. वजन काहीच नव्हतं. दारापर्यंत गेलो, तोवर ऊन अंगणातून निघून समोरच्या भिंतीवर चढलं होतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हिथंच बरं हाय."

पण खाली ठेव असं काही ते म्हणाले नाहीत. मीही ठेवलं नाही.